टाच आधी, मग बोटं

पाय बांधून ठेवलेला माणूस गप्प बसत नाही, हे मला फिजिओथेरपीच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. कर्जतला भिसेगावात क्लिनिक टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं. वीस मिनिटं शेक, दहा मिनिटं करंट, मग व्यायाम. तेवढा वेळ पेशंटचा पाय एका जागी आणि तोंड मोकळं! व्यायामाचे कागद मी एकाच बाजूला छापते, त्यामुळे ऐकलेलं मागच्या कोऱ्या बाजूवर टिपून ठेवायची सवय लागली. परवा कपाट आवरताना बघितलं, तर पेशंटच्या फायलींपेक्षा या कागदांचा गठ्ठा जाड निघाला.

यातले बहुतेक किस्से सोमवार-गुरुवारच्या सकाळच्या बॅचमधले. तिला आम्ही ‘गुडघा बॅच’ म्हणतो. माझी असिस्टंट सुनंदा दारात रजिस्टर घेऊन बसते, नवीन माणूस आला की नाव लिहून घेते आणि आतल्या माणसाचे व्यायाम मोजते. मोजताना ती गप्पाही मारते, त्यामुळे आमच्याकडे दहाचे कधी कधी चौदा होतात.

या बॅचच्या पुढारी म्हणजे हिराकाकू. खरं तर त्यांचा गुडघा ठणठणीत! लोधिवलीजवळच्या गावातून त्यांची सून सुरेखा त्यांना स्कूटीवर घेऊन यायची. होळीनंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. हात सुधारला. बोलणं एक दिवसही बिघडलं नव्हतं, असं सुरेखा सांगते. राहिलं ते उजवं पाऊल. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला चवडा वर उचलला जातो. नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक स्नायू असतो, तो हे काम जन्मभर बिनबोभाट करतो. काकूंचा नेमका तोच रुसला होता. पाय उचलला की पाऊल खाली लोंबायचं आणि बोटं जमिनीला घासायची.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही विचारलं, “काकू, काय जमायला हवंय तुम्हाला?”

लोक म्हणतात, दुखणं थांबव. काकू म्हणाल्या, “गवर आणायची हाय. माझ्या हातानं.”

लग्न झाल्यापासून त्यांच्या घरची गौर त्याच आणतात. विहिरीजवळून तेरड्याची रोपं सुपात घ्यायची आणि चालत घरात यायचं. अनवाणी! म्हणजे चपलेत बसवायचा आधाराचा पट्टा बाद. दोन्ही हातांत सूप, म्हणजे काठी बाद. आणि शेवटी उंबरा. मी मनातल्या मनात महिने मोजले.

कोपऱ्यातून मोबाईलमधली मान वर न करता सुरेखा म्हणाली, “डॉक्टर नको बोललेत. पडल्या तर कंबरेचं हाड जाईल. यंदा मी आणते.”

काकू माझ्या कानात सांगितल्यासारखं करून मोठ्यांदा म्हणाल्या, “बघितलंस गं म्याडम? वाटच बघत होती!”

*

माझ्याकडे प्लॅस्टिकच्या हाडांचा एक पाय आहे. खुब्यापासून बोटांपर्यंत पूर्ण. भिंतीला खुंटीवर टांगलेला असतो. नवीन पेशंट त्याच्याकडे पाठ करून बसतो. आमचे तुकाराममिस्त्री मात्र पहिल्याच दिवशी थेट त्याच्यापाशी गेले. मिस्त्री म्हणजे जन्मभर दारं-खिडक्या बसवलेला सुतार. दोन्ही गुडघे झिजलेले. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि तो पाय दार तपासावं तसा वरून खालपर्यंत तपासला.

“वरचं काम एक नंबर,” ते म्हणाले. “खोबणीत गोळा बसवलाय. कसाबी फिरवा, निघणार नाय. पण ह्यो गुडघा?”

“काय झालं गुडघ्याला?”

“बिजागरी हाय, पण मधी खिळाच नाय की! कशावर तोललाय?”

मी त्यांना चार लिगामेंट दाखवले. दोन बाजूंना, दोन आत फुलीसारखे. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या या दोऱ्याच, असं सांगितलं.

मिस्त्रींनी एकेक दोरी बोटाने ओढून बघितली. मग अत्यंत दुःखाने म्हणाले, “वरचं काम मिस्त्रीनं केलंय म्याडम. जेवायला गेला तवा गुडघा हेल्परनं बसवला!”

पुढे त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. परत आले ते जरा नरमून. मी विचारलं, “काय मिस्त्री, कसा आहे नवीन गुडघा?”

“डॉक्टरला इचारलं मी. आता तरी खिळा घातला का? बोलला, नाय.” मिस्त्रींनी खुंटीवरच्या पायाकडे बघून हात जोडले. “दुसऱ्यांदा बनवायला घेतला, एवढी शिकलेली माणसं, तरी कुणाला खिळा सुचला नाय. म्हंजे पयल्या वेळचं बरोबरच असणार!”

*

आमच्या भागात कबड्डी हा खेळ नाही, स्वभाव आहे. एकदा खालापूरकडचा एक रेडर आला. घोटा मुरगळला होता. सूज टम्म! मी त्याला टेबलावर झोपवलं, घोटा तपासायला एका हाताने टाच धरली, दुसऱ्याने पाऊल पकडलं.

पुढचं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. तो माशासारखा उसळला, पाय सोडवला, टेबलावरून खाली आला आणि जमिनीवरच्या फरशीच्या रेघेला हात लावून आडवा झाला. मग कळवळून ओरडला, कारण सुजलेल्या पायावरच पडला होता!

“अरे, काय हे?”

“सॉरी मॅडम,” डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, “तुमी घोटा पकडलात ना! राहवलं नाय.”

गुडघा बॅच टाळ्या वाजवत होती. हिराकाकूंनी सुनंदाला ओरडून सांगितलं, “लिव गं, एक पॉइंट!”

*

चौकच्या बाजूला एका बंगल्यावर गणपतदादा वॉचमन आहेत. दिवसभर गेटवर उभे. पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं झालं होतं. मी त्यांना सांगितलं, पायात उतरलेलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते. तुम्ही नुसते उभे राहिलात तर पंप बंद. तेव्हा दर तासाला वीस वेळा टाचा उचला.

दादा आज्ञाधारक. दर तासाला गेटशी उभे राहून वर-खाली, वर-खाली. तिसऱ्या दिवशी मालकांचा मुंबईहून फोन! कॅमेऱ्यात सगळं दिसतं ना.

“गणपत, शेजारच्या कंपाउंडमध्ये सारखा काय डोकावतोस?”

“डोकावत नाय साहेब. पंप मारतो.”

साहेबांना वाटलं, विहिरीचा पंप बिघडला. शेवटी दादांनी माझा नंबर दिला. मी साहेबांना पोटरीचं सगळं समजावलं. मग साहेबांनी हळूच विचारलं, “दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना पण चालतं का हे?”

आता संध्याकाळी पाचला साहेबांचा फोन येतो. “गणपत, चल.” एक चौकला, एक मुंबईला, दोघं वीस-वीस टाचा उचलतात. साहेब कॅमेऱ्यात बघून सांगतात, “शेवटचे दोन चोरलेस!” गणपतदादांची एकच तक्रार आहे. “त्यांनी चोरलेले मला दिसत नाय ना म्याडम!”

*

आता माझी स्वतःची फजिती सांगते. चालताना पावलांमध्ये किती अंतर हवं, हे पेशंटला कळावं म्हणून मी एका रविवारी क्लिनिकच्या लाल फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने पावलं रंगवली. दारापासून खिडकीपर्यंत. उजवं, डावं, उजवं, डावं. काय सुबक आली होती! स्वतःवरच खूष होऊन घरी गेले.

सोमवारी बॅच आली. पहिल्याच माणसाने चपला रस्त्यावर काढल्या. दुसरी बाई भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी आडवी चालत आत आली. तुकाराममिस्त्री दारातच उभे. मी म्हटलं, “या ना, पावलांवर पाय ठेवत या.”

कुणी हलेना. शेवटी हिराकाकू कडाडल्या, “अगं, लक्ष्मीच्या पावलांवर पाय देऊ व्हय? शिकलेली ना तू!”

“काकू, ही लक्ष्मीची नाहीत, ही चालायची प्रॅक्टिस आहे.”

“तुला काय म्हाईत ती कुणाची ते?”

आठवडाभर सगळे पेशंट, ज्यांना मी सरळ चालायला शिकवत होते ते, पावलं चुकवत वाकडेतिकडे चालले. गुरुवारी बघते तर पहिल्या पावलावर हळदीकुंकू! कुणी वाहिलं, कुणी बोलेना. रजिस्टरमागे सुनंदाची मान खाली होती. मी मुकाट्याने टर्पेंटाइन आणलं.

मग काकूंपुरता दुसरा उपाय काढला. म्हटलं, काकू, तुम्ही स्वतःच स्वतःची पावलं उमटवा. शेजारीच पिठाची गिरणी, मी वाटीभर तांदळाचं पीठ मागून आणलं. काकूंनी कपाळाला हात लावला. “अन्न पायदळी? आज घरी भांडून आलीस का?” शेवटी टाल्कम पावडर मंजूर झाली.

पायाला पावडर लावून काकू चालल्या. मागे वळून बघितलं, तर डावं पाऊल स्वच्छ. आणि प्रत्येक उजव्या पावलाच्या मागे एक लांब पांढरी रेघ, बोटं घासत आल्याची.

काकूंनी त्या रेघेकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “शेपूट हाय गं मला.”

ते शेपूट वीतभर होतं. मी पट्टी लावून मोजलं आणि कागदावर लिहिलं. “गौरीपर्यंत हे कापायचं,” मी म्हटलं. तेव्हापासून दर सोमवारी शेपूट मोजणं हा बॅचचा कार्यक्रम झाला. काकू चालायच्या आणि सगळे एका सुरात म्हणायचे, “टाच आधी, मग बोटं! टाच आधी, मग बोटं!” वीतभराचं चार बोटं झालं तेव्हा मिस्त्रींनी सगळ्यांना चहा पाजला. सुरेखा तेवढी कोपऱ्यात मोबाईल धरून बसलेली असायची. मला तिचा जरा रागच यायचा, खोटं कशाला बोलू.

*

आषाढात बारकूदादा आले. भाताची चिखलणी चालू होती, शेतातून थेट क्लिनिकमध्ये! उजवा गुडघा सुजलेला. पाय इतका लख्ख धुतला होता की मला कौतुक वाटलं.

“आता डावा दाखवा,” मी म्हटलं. दुखऱ्या पायाची तुलना आम्हाला चांगल्या पायाशी करावी लागते.

दादा दचकले. “डावा कशाला? डाव्याला काय नाय झालं.”

“तरी बघू द्या.”

त्यांनी नाइलाजाने लेंगा वर केला. मांडीपर्यंत चिखल! “ह्यो तर बरा हाय,” ते म्हणाले, “त्याला कशाला धुवायचा? येताना हापशावर दुखता तेवढा धुतला.”

सुनंदाने बादली आणली. डावा पाय धुतला, तर तो उजव्यापेक्षा जास्त वाकलेला निघाला. मांडीचा स्नायूही अर्धा उतरलेला. दादा आपल्याच पायाकडे परक्यासारखे बघत राहिले. “आयला, ह्यो कवा बिघडला?”

“खूप दिवस झाले असतील.”

“मंग ह्यो बोलला कसा नाय!” आणि त्यांनी त्या पायावर हलकेच हात फिरवला. किती घरांत असा एक न बोलणारा पाय असतो.

याच बारकूदादांनी मला नवीन मोजमाप शिकवलं. गुडघा किती वाकतो ते मी कोनमापकाने मोजते. “दादा, ऐंशीवरून पंच्याण्णव झाले!” मी आनंदाने सांगितलं.

“आकडे नको सांगू म्याडम. आता एसटीच्या शिटावर बसलो तर गुडघा पुढल्या दांड्याला लागत नाय. म्हंजे एसटीपर्यंत आलो. पण टमटमच्या मागल्या शिटावर पाय मावत नाय. मला टमटमपर्यंत ने.”

झालं! सगळ्या बॅचने ते उचललं. एसटी, मग टमटम, मग पाट, मग उकिडवं. कुणी भेटलं की, “कुठवर आलास?” “टमटम पार! पाट राहिलाय.” माझ्याही तोंडात ते इतकं बसलं की एका पेशंटच्या रिपोर्टवर मी चक्क लिहून गेले, ‘एसटी पूर्ण, टमटम बाकी.’

दोन दिवसांनी पनवेलहून सर्जनचा फोन. “मॅडम, हे ग्रेडिंग नवीन आलंय का?”

मी धीर करून म्हटलं, “हो. कर्जत स्केल.”

ते गंभीरपणे म्हणाले, “माझा एक पेशंट रोज रिक्षाने जातो. यात रिक्षा कितवी?”

*

श्रावणात काकूंचं शेपूट दोन बोटांवर अडलं. काही केल्या पुढे सरकेना. गौरीला तीन आठवडे राहिले होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. सपाट फरशीवर दोन बोटं घासली तर चालतं, पण उंबऱ्याला अर्धं बोट अडकलं तरी माणूस तोंडावर जातो, आणि हातात सूप असलं की सावरायला हात नाही.

मिस्त्री म्हणाले, “मी इथं उंबरा करून देतो. पण माप काकूंच्या घरचंच पायजे. इंच इकडचा तिकडं नाय चालत.”

“माप कोण आणणार?” मी म्हटलं.

संध्याकाळी माझ्या फोनवर फोटो आला. उंबऱ्याला टेप लावलेला. उंची, रुंदी, कडेचा झिजलेला भागसुद्धा. खाली एकच ओळ: ‘मॅडम, आईंना सांगू नका मी पाठवलं.’ सुरेखाचा नंबर होता.

मिस्त्रींनी हुबेहूब उंबरा केला. सुपात दोन किलो तांदूळ घेऊन काकू तो ओलांडायच्या. मी एका बाजूला, बारकूदादा दुसऱ्या बाजूला हात पसरून, कबड्डीत रेडरला घेरतात तसे! दोनदा पाय अडकला. दोन्ही वेळा तांदूळ सांडले आणि काकू रागावून म्हणाल्या, “सूनच आणू दे. तिच्या मनासारखं होऊ दे एकदाचं.”

कोपऱ्यातून सुरेखा म्हणाली, “पाय अडकतो तवा तुमी खाली बघता, आई. नाय बघितलं की नाय अडकत. चौदा येळा बघितलंय मी.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पुन्हा मोबाईलमध्ये शिरली.

“परत घ्या काकू,” मी म्हटलं. “समोर बघून.”

*

गौरीच्या दिवशी दुपारी बॅचमधले आम्ही चौघं काकूंच्या गावी गेलो. मिस्त्री, बारकूदादा, सुनंदा, मी. एकाच टमटमने! बारकूदादा मागच्या सीटवर बसले आणि चौकपर्यंत सगळ्या पॅसेंजरांना गुडघा दाखवत आले.

सुरेखा कुंभिवलीच्या कंपनीत दुपारच्या पाळीला जायची, त्या दिवशी तिने रजा काढली होती. आम्ही पोचलो तेव्हा काकू विहिरीपाशी उभ्या होत्या. नवी हिरवी साडी, सुपात तेरडा, त्यावर खण. अनवाणी. घर साधारण पन्नास पावलांवर.

काकू निघाल्या. त्यांच्या पुढे वाकून सुरेखा. कालवलेल्या तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, जमिनीवर टेकवायची, बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके. गौरीची पावलं उमटवत ती घराकडे चालली होती आणि तिच्या मागून, पावलांच्या बाजूबाजूने, काकू. सूप छातीशी, नजर समोर. मिस्त्रींचे ओठ हलताना मला दिसत होते. टाच आधी, मग बोटं.

उंबऱ्याशी काकू थांबल्या. डावा पाय आत गेला. उजवा बाहेर राहिला. सुपातला तेरडा एका बाजूला कलला. मी पुढे व्हायला निघाले, तर सुनंदाने माझा हात धरला.

आत वाकलेली सुरेखा मान वर न करताच म्हणाली, “समोर बघा, आई.”

पाऊल उठलं. करंगळी लाकडाला निसटती लागली, मला तो आवाज आला. आणि पाऊल आत टेकलं. टाच आधी!

बारकूदादांनी टाळी वाजवली आणि जीभ चावली. आत शेजारणीने विचारलं, “गवर आली कशाच्या पावलांनी?” आणि काकूंनी खणखणीत आवाजात सांगितलं, “सोन्या-मोत्याच्या पावलांनी!” खोल्याखोल्यांतून हे झालं. स्वयंपाकघर, धान्याची खोली, माजघर. शेवटी गौर मखरात बसली. काकूंनी सूप खाली ठेवलं, कपाळाचा घाम पुसला आणि पहिल्यांदा मागे वळून बघितलं.

मखरापासून दारापर्यंत, दारापासून अंगणात, पार विहिरीपर्यंत पांढरी पावलं उमटली होती. डावं पाऊल पूर्ण. उजवं थोडं आखूड टाकलेलं. आणि प्रत्येक उजव्या पावलाच्या मागे, बोटाने ओढलेली, दोन बोटं लांबीची एक बारीक रेघ.

शेजारीण म्हणाली, “अगं सुरेखा, उजवी पावलं फरपटलीत की सगळी! पुसून नीट काढ.”

सुरेखा हाताचं पीठ पदराला पुसत म्हणाली, “राहू दे. आईंच्या संगती चालत आलीय गवर.”

काकूंनी त्या रेघांकडे बघितलं, मग सुनेकडे. मग मखरातल्या गौरीकडे बोट करून सुनंदाला म्हणाल्या,

“सुनंदा, सोमवारच्या बॅचला हिचंबी नाव लिवून घे गं.”